आरसी कारची कोरडी स्वच्छता: पाण्याचा धोका न पत्करता गाडी निगुतीने कशी राखावी

चिखलातून परतलेली आरसी कार, म्हणजे रेडिओ रिमोटने चालणारी छोटी गाडी, हातात आली की नवख्याला पहिल्यांदा नळ आठवतो. गाडीच्या खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले असेल, तर उरलासुरला संकोचही जातो. माझेही तसेच झाले होते. पहिली गाडी मी बागेच्या पाइपाखाली मनसोक्त धुतली. त्या संध्याकाळी ती नव्यासारखी दिसली आणि दुसऱ्या दिवशी नीट धावलीही. पंधरा दिवसांनी मागचे डावे चाक हाताने फिरवले, तेव्हा जात्यात वाळू भरडली जावी तशी खरखर ऐकू आली. चाकातले बेअरिंग काढून पांढऱ्या फडक्यावर हलकेच आपटले, तर त्यातून तपकिरी भुकटी पडली. चिखलाने जे केले नव्हते, ते माझ्या धुण्याने केले होते.

तेव्हापासून मी ओल्या चिखलाला हात लावत नाही. तो वाळू देतो आणि कोरडाच झाडून काढतो. ओला चिखल चोळला की तो पातळ होऊन फटींत शिरतो. वाळलेला चिखल मात्र आकसतो, त्याला तडे जातात आणि ब्रश लागताच तो ढलप्या होऊन बाहेर गळतो. पुढे सांगितलेल्या सगळ्या कृती याच निरीक्षणावर उभ्या आहेत.

पाणी नेमके कुठे बाधते

शुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करत नाही, परंतु मैदानातले पाणी कधीच शुद्ध नसते. त्यात विरघळलेले क्षार आणि मातीचे कण त्याला वीजवाहक बनवतात. अशा पाण्याचा थेंब सर्किटवरच्या दोन टोकांमध्ये अडकला आणि बॅटरी जोडलेली असली, तर तांब्याची झीज सुरू होते आणि काही दिवसांत तिथे हिरवट थर दिसू लागतो. म्हणूनच गाडी भिजल्यानंतर ती चालते आहे का हे पाहण्यासाठी केलेली एक घाईची चाचणी भिजण्यापेक्षा अधिक नुकसान करू शकते.

खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्यावा. हा शब्द बहुधा रिसिव्हर (रिमोटचे संकेत पकडणारा भाग), सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) आणि ईएससी (मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा नियंत्रक) एवढ्यांपुरता असतो. बेअरिंगे, स्क्रू, ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला फिरवणारा दांडा), टायरमधला फोम आणि मोटरमधली बेअरिंगे यांना ते आश्वासन लागू होत नाही. सोबत आयपीएक्स असा, पाण्यापासून किती संरक्षण आहे हे सांगणारा आकडा दिलेला असेल, तर तोही बारकाईने वाचावा. आयपीएक्स ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण, तर आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटरपर्यंतच्या पाण्यात ३० मिनिटे बुडवून घेतलेली चाचणी. ही चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. नळीतून जोराने येणाऱ्या झोताची चाचणी वेगळी असते, त्यामुळे बुडून तगलेली वस्तू झोतालाही तगेल असे गृहीत धरता येत नाही. धुण्याचा पाइप हा डबक्यापेक्षा घातक ठरतो तो याचमुळे.

आधी जमवायचे साहित्य

यादी लांब नाही. साधारण २५ मि.मी. रुंदीचा मऊ केसांचा रंगाचा ब्रश, वापरून मऊ पडलेला टूथब्रश, लाकडी दातकोरणी, कापसाच्या काड्या, धागे न सुटणारी मायक्रोफायबरची दोन फडकी, टोकदार चिमटा, हवा मारायचा हातपंप किंवा दाबाच्या हवेचा डबा आणि ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधी कपाटात मिळणारे ७० टक्क्यांचे अल्कोहोल इथे उपयोगाचे नाही, कारण उरलेले जवळजवळ सगळे पाणीच असते. हे अल्कोहोल चटकन पेट घेते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसावी आणि बॅटरी गाडीत असताना त्याची बाटली उघडूही नये. स्क्रू उघडण्यासाठी गाडीच्या मापाच्या अ‍ॅलन की लागतात. लहानमोठ्या बहुतेक गाड्यांमध्ये १.५, २ आणि २.५ मि.मी. या मापांवर काम भागते. स्वस्तातल्या मऊ धातूच्या की स्क्रूचे डोके गोल करून टाकतात, आणि एकदा डोके गोल झाले की तो स्क्रू काढण्यात अख्खी दुपार जाते.

पहिले पाऊल: बॅटरी बाहेर, गाडी सावलीत

गाडी थांबवल्यावर आधी गाडीचा स्विच बंद करावा आणि मग ट्रान्समीटरचा, म्हणजे हातातल्या रिमोटचा. चालू करताना क्रम उलटा असतो: आधी ट्रान्समीटर, मग गाडी. हा क्रम चुकल्यास गाडीला आज्ञा देणारे कोणी उरत नाही आणि ती भरधाव सुटू शकते. त्यानंतर बॅटरी काढून वेगळी ठेवावी. ती फुगलेली, दबलेली किंवा तिचे वेष्टन फाटलेले दिसले, तर पुन्हा चार्जिंगला लावू नये. बॅटरीच्या कप्प्यात साचलेली माती लगेच उलटी करून पाडावी, कारण तिथल्या खड्याच्या टोकाने लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचे मऊ वेष्टन फाटू शकते.

मोटर आणि ईएससी गरम असतील, तर ते निवेपर्यंत थांबावे. गरम भागावर थंड द्रव पडला की आत हवा आकसते आणि ती सीलच्या फटीतून ओलावा आत खेचते. हीच वेळ चिखल वाळण्यासाठी कामी येते. गाडी एखाद्या लाकडी ठोकळ्यावर, चाके अधांतरी राहतील अशी सावलीत ठेवावी. उन्हात ठेवण्याची गरज नाही. काळ्या प्लास्टिकला आणि बॉडीला कडक ऊन मानवत नाही. मातीच्या थरानुसार वाळायला काही तास लागतात, चिकणमाती असेल तर एक रात्र.

बॉडी आणि टायर

बॉडीच्या क्लिपा काढून ती वेगळी करावी. बहुतेक बॉडी पारदर्शक पॉलीकार्बोनेटच्या असतात आणि रंग आतल्या बाजूने दिलेला असतो, म्हणून बाहेर पडलेले चरे रंगापर्यंत पोहोचत नाहीत. वाळलेली माती मऊ ब्रशने झाडावी आणि उरलेले डाग किंचित ओलसर फडक्याने पुसावेत. बॉडी गाडीपासून वेगळी असल्यामुळे इथे थोडे पाणी चालते. अ‍ॅसिटोन, पेट्रोल, ब्रेक क्लीनर किंवा अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव पॉलीकार्बोनेटला कदापि लावू नयेत. त्यांनी प्लास्टिकमध्ये बारीक भेगा पडतात आणि पुढच्या धडकेत बॉडी काचेसारखी तडकते. अल्कोहोलही स्टिकरच्या कडांना आणि आतल्या रंगाला लागू देऊ नये.

टायरच्या बाबतीत एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. आतला फोम स्पंजासारखा पाणी शोषतो आणि एकदा ओला झाला की दिवसेंदिवस ओलाच राहतो. चाक जड होते, असमतोल फिरते आणि बेअरिंगांवर ताण येतो. म्हणून टायर ताठ ब्रशने कोरडेच घासावेत आणि खाचांतले खडे दातकोरणीने काढावेत. रिमला हवा जाण्यासाठी छिद्रे असतील आणि ओल्या मैदानावर नेहमी जायचे असेल, तर ती आधीच टेपने झाकून ठेवावीत.

चॅसी: वरून खाली, आतून बाहेर

या कामात घाई करू नये, कारण स्वच्छतेचे खरे कौशल्य इथेच लागते. गाडी एका बाजूला कलती धरून ब्रश नेहमी वरून खाली आणि मधून कडेकडे फिरवावा. पुढच्या बाजूची धूळ मागे ढकलली, तर ती थेट गिअरच्या झाकणापाशी जाऊन बसते. सस्पेन्शनच्या हातांच्या बिजागऱ्या, शॉकचे (धक्के शोषणाऱ्या नळीचे) खालचे टोक आणि स्टिअरिंगचे सांधे या तीन ठिकाणी टूथब्रश वापरावा, मात्र तो आडवातिडवा न घासता टोकाने टिपत राहावा.

दाबाच्या हवेबद्दल थोडी सावधगिरी हवी. हवेचा डबा उभाच धरावा. तो उलटा केला की हवेऐवजी अतिथंड द्रव बाहेर येतो. कॉम्प्रेसर वापरायचा असेल, तर त्याच्या टाकीत साचलेले पाणी आधी सोडून द्यावे, नाहीतर कोरड्या स्वच्छतेच्या नावाखाली आपण गाडीवर तुषारच मारत राहू. दाब कमी ठेवावा, झोत तिरका धरावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. बेअरिंगच्या तोंडावर सरळ झोत मारला तर बाहेरची धूळ आत जाते आणि आतले वंगण उडून जाते. ईएससी किंवा मोटरवर छोटा पंखा असेल, तर हवा मारताना त्याचे पाते दातकोरणीने अडवून धरावे. पंखा हवेने भन्नाट फिरताना पाहायला मजा येते हे मान्य, पण त्या वेगासाठी त्याचे बेअरिंग बनवलेले नसते आणि फिरणारा पंखा उलट वीजही तयार करतो.

यानंतर प्रत्येक चाकामागे ड्राइव्ह शाफ्टपाशी नीट पाहावे. गवताचे तंतू, केस आणि गालिच्याचे धागे इथे घट्ट गुंडाळले जातात, आणि बाहेरून पाहिले तर ती नुसती काळी कडी वाटते. माझ्या एका गाडीची चाल मंदावली, तेव्हा मी मोटर बदलण्याचा विचार करत होतो. मागचे चाक काढले तर ॲक्सलभोवती केस आणि धाग्यांचा सुतळीच्या जाडीचा वेढा बसलेला होता. घर्षणाने तो इतका तापला होता की त्याच्या शेजारच्या प्लास्टिकला चकाकी आली होती. असा वेढा ओढून काढू नये, कारण ओढल्याने तो अधिक आवळतो आणि एखादा धागा बेअरिंगच्या सीलखाली शिरतो. लहान कात्रीच्या टोकाने किंवा पात्याने त्याला ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने एक छेद द्यावा आणि तुकडे चिमट्याने उचलावेत.

मातीत मिसळलेले तेलकट डाग ब्रशने निघत नाहीत. त्यांच्यासाठी फडक्याच्या टोकावर किंवा कापसाच्या काडीवर अल्कोहोल घ्यावे आणि डाग पुसून काढावा. अल्कोहोल थेट गाडीवर ओतू किंवा फवारू नये. ते वाहत जाऊन बेअरिंगमधले ग्रीस विरघळवते. वंगण म्हणून घरोघरी असणारे पाणी हटवणारे फवारेही गाडीभर मारू नयेत. ते ओल्या स्क्रूवरचा ओलावा हटवतात हे खरे, परंतु बेअरिंगचे मूळ ग्रीस पातळ करून धुऊन टाकतात आणि मागे राहिलेल्या चिकट थरावर पुढची धूळ बसते.

इंधनावर चालणाऱ्या नायट्रो गाड्यांचा मळ वेगळा असतो, कारण इंधनातले तेल धुरावाटे बाहेर येऊन सगळीकडे बसते. तिथे झाडण्यापेक्षा अल्कोहोलच्या फडक्याने पुसणे हाच मुख्य भाग असतो. त्याआधी हवेचा फिल्टर आणि धुराडे झाकावे आणि दिवसाअखेर टाकी रिकामी करून इंजिनात आफ्टर-रन तेलाचे (गाडी चालवून झाल्यावर इंजिनात घालायच्या तेलाचे) दोन-चार थेंब सोडावेत, कारण इंधनातले मिथेनॉल हवेतला ओलावा शोषते.

गिअर, शॉक आणि मोटर

मोटरवरचा लहान गिअर म्हणजे पिनियन आणि त्याला भिडणारा मोठा गिअर म्हणजे स्पर. प्लास्टिकच्या उघड्या स्पर गिअरला तेल लावू नये. तेलात अडकलेली धूळ पॉलिश पेपरचे काम करते आणि दात झिजवते. दातांच्या खाचांतले खडे दातकोरणीने एकेक करून काढावेत आणि गिअर हाताने पूर्ण फिरवून पाहावा. मोटर सैल करून पुन्हा बसवायची वेळ आली, तर दोन गिअरांमध्ये वहीच्या कागदाची एक पट्टी घालावी, ते एकमेकांना भिडवून मोटरचे स्क्रू आवळावेत आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांचे ठसे स्पष्ट उमटलेले असावेत, पण ती फाटलेली नसावी. एक गिअर धरून दुसरा हलवल्यावर अगदी किंचित ‘टिक’ ऐकू आली, म्हणजे अंतर योग्य आहे.

शॉकच्या चकचकीत दांड्यावर बसलेली धूळ मऊ फडक्याने पुसावी. ती तशीच राहिली तर दांडा आतबाहेर होताना ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) कापली जाते आणि सिलिकॉन तेल गळू लागते. दांड्याभोवती मातीचा ओलसर, काळसर लगदा दिसला, तर ती बहुधा याच गळतीची खूण असते. तो कितीही पुसला तरी पुन्हा येतो, म्हणून शॉक उघडून ओ-रिंग बदलावी आणि निर्मात्याने सांगितलेल्या घट्टपणाचे सिलिकॉन तेल भरावे. साधे खनिज तेल अनेक प्रकारच्या रबराला फुगवते.

मोटरमध्ये चुंबक असतात आणि वाळूत लोखंडाचे बारीक काळे कण असतात. हे कण हवेच्या झोताने सुटत नाहीत, एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात एवढेच. चिकट टेपची उलटी गुंडाळी करून ती मोटरच्या तोंडापाशी टिपत राहिले की कण टेपला येतात. सेन्सर असलेल्या ब्रशलेस मोटरची छोटी वायर जिथे जोडली जाते तो सॉकेट सर्वांत नाजूक. तिथे फक्त कोरडा ब्रश लावावा.

बेअरिंग

बाकी सगळे चकचकीत असून बेअरिंगे दुर्लक्षित राहिली, तर ती स्वच्छता दिखाऊ ठरते. चाके काढून प्रत्येक ॲक्सल बोटांनी सावकाश फिरवावा. निरोगी बेअरिंग निःशब्द, एकसारखे फिरते. धूळ शिरलेले बेअरिंग अडखळते आणि बोटांना कणी लागल्यासारखे वाटते. कानापेक्षा बोटांना हे लवकर कळते, म्हणून हे काम शांतपणे करावे.

कणी जाणवली तर बेअरिंग बाहेर काढावे. रबरी सील असेल, तर पिनेचे टोक आतल्या कडेला घालून ते हळूच उचलावे. धातूचे झाकण बारीक कडीने अडकवलेले असते आणि ती कडी उडून हरवते, तेव्हा नवख्याने त्या वाटेला न जाता बेअरिंग झाकणासकट स्वच्छ करावे. लहान काचेच्या बरणीत अल्कोहोल घेऊन बेअरिंग त्यात टाकावे, झाकण लावून हलवावे आणि द्रव गढूळ झाला की बदलावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी द्रव स्वच्छ राहिला, म्हणजे काम झाले. मग ते कागदावर पूर्ण सुकू द्यावे. सुकवण्यासाठी ते बोटावर अडकवून दाबाच्या हवेने फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. वंगणाविना त्या वेगाने फिरलेले बेअरिंग खराब होते आणि फुटल्यास इजाही करते. सुकल्यावर मोटरच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब आणि चाकाच्या बेअरिंगला थोडे ग्रीस द्यावे. जास्त तेल बाहेर झिरपते आणि धूळ बोलावते. अल्कोहोलने धुऊन वंगण न घालता बसवलेले बेअरिंग न धुतलेल्या बेअरिंगहून आधी जाते, हे विसरू नये. गंजून आत खड्डे पडलेले बेअरिंग मात्र कशानेही सुधारत नाही, ते बदलावे.

गाडी भिजलीच तर

स्विच बंद करून बॅटरी लगेच काढावी आणि पूर्ण सुकेपर्यंत काहीही चालू करून पाहू नये. गाडी वेगवेगळ्या बाजूंना कलती करून पाणी निथळू द्यावे. रिसिव्हरचा डबा उघडावा, सगळे प्लग सोडावेत. सर्व्होच्या तळाचे चार लांब स्क्रू सैल केले की आत शिरलेले पाणी बाहेर येते. पाणी मातकट किंवा खारे असेल, तर ते नुसते वाळवणे पुरेसे नसते, कारण पाणी उडून गेले तरी मीठ मागे राहते आणि दमट हवेत पुन्हा ओलावा धरते. अशा वेळी सर्किटचा भाग डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने पुसावा आणि लगोलग ९९ टक्के अल्कोहोलने पुन्हा पुसावा. अल्कोहोल उरलेल्या पाण्यात मिसळते आणि त्याला सोबत घेऊन उडते. विजेचे भाग वाळवताना हेअर ड्रायरची गरम हवा टाळून साध्या पंख्याची हवा द्यावी, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात किमान २४ तास ठेवावे. तांदळात पुरून ठेवण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण तांदूळ ओलावा फारसा खेचत नाही आणि त्याची पीठासारखी धूळ प्लगमध्ये जाऊन बसते.

भिजलेली लिपो बॅटरी पुसून, तिचे प्लग सुकवून, ज्वलनशील वस्तूंपासून लांब ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावे. ती खाऱ्या पाण्यात बुडाली असेल, तर पुन्हा वापरू नये.

काही दिवसांनी डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) उघडून पाहावे. आतले तेल दुधाळ दिसले, तर पाणी तिथवर पोहोचले आहे असे समजून ते काढून नवे भरावे.

पुन्हा जुळवणी आणि ठेवण

उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतलेले असले की जुळवणी सोपी जाते. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) टिपका लावावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना तो लावू नये, त्याने अनेक प्लास्टिक ठिसूळ होतात. रिसिव्हरच्या डब्याचे झाकण लावण्याआधी त्याच्या रबरी पट्टीतला एकेक खडा काढावा आणि तारा जिथून बाहेर पडतात तिथे सिलिकॉन ग्रीसचा छोटा गोळा दाबावा. पट्टीखाली अडकलेला एक केससुद्धा पाण्याला वाट करून देतो.

चाके अधांतरी ठेवून आधी ट्रान्समीटर, मग गाडी चालू करावी. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत नेऊन सोडावे. चाके थरथरत राहिली, तर सर्व्होत अजून ओलावा किंवा मळ आहे. मग थ्रॉटल हलकेच देऊन आवाज ऐकावा आणि काही खरखरले तर तिथेच थांबून चाक उघडावे.

गाडी आठवडाभराहून अधिक काळ ठेवायची असेल, तर ती ठोकळ्यावर ठेवावी, म्हणजे टायर एका जागी चपटे होत नाहीत आणि शॉकच्या स्प्रिंगांवर वजन राहत नाही. लिपो बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता प्रत्येक सेलला साधारण ३.८ व्होल्ट इतकी ठेवावी आणि ती गाडीतून काढूनच ठेवावी. स्विच बंद असला तरी काही ईएससी थोडी वीज ओढत राहतात आणि महिन्याभराने बॅटरी प्रत्येक सेलला ३ व्होल्टच्या खाली गेलेली सापडते.